डबाकाकूंची सही

विमा विकायला घरी आलेल्या बाईने चहाचा कप बाजूला सारून 'आधी औषधांचा डबा आणा' असं फर्मावलं, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. आधी हसाल, मग बायकोकडे बघाल आणि डबा आणायच्या निमित्ताने आत जाऊन त्यातलं काहीतरी काढून ठेवाल. नाशिक रोडला, जेल रोडच्या आमच्या कॉलनीत बहुतेकांनी हेच केलं. त्या विमावाल्या काकूंना ते ठाऊक होतं. म्हणून डबा आणायला उठलेल्या माणसाच्या मागोमाग त्याही उठायच्या आणि 'बघू बरं, तुमचं स्वयंपाकघर किती हवेशीर आहे' म्हणत थेट फ्रिजपाशी जाऊन उभ्या राहायच्या.

सगळी कॉलनी त्यांना डबाकाकू म्हणायची. कुणाचा डबा श्रीखंडाचा असायचा, कुणाचा बिस्किटांचा पत्र्याचा, कुणाचा लग्नातल्या मिठाईचा पुठ्ठ्याचा. काकू टीपॉयवर वर्तमानपत्र पसरायच्या, डबा उलटा करायच्या आणि मेथी निवडावी तशा गोळ्यांच्या पट्ट्या निवडायच्या. 'ही कशाची? ही कुणाची? हिच्यातल्या चारच का खाल्ल्यात, बरं वाटलं म्हणून सोडल्या ना?' असं विचारत विचारत फॉर्म भरला जायचा. 'फॉर्मवर सगळे निरोगी असतात,' त्या म्हणायच्या. 'आजारी असतात ते डब्यात.'

एकदा दुसऱ्या गल्लीतल्या एका साहेबांचा डबा स्वच्छ निघाला. काकूंनी दाढीच्या सामानाचा डबाही मागितला. ब्रशखाली मधुमेहाच्या गोळ्या. बायकोने विचारलं, 'ह्या कुणाच्या?' साहेब म्हणाले, 'शेजारच्यांच्या असतील.' काकू लगेच उठल्या. 'मग देऊन येते. त्यांचा दुपारचा डोस चुकायला नको.' साहेबांनी त्यांना दारातच गाठलं आणि हात जोडले. त्या दिवशी पॉलिसी काही निघाली नाही, पण साहेबांची रविवारची जिलेबी कायमची बंद झाली. पुढे कित्येक महिने ते काकूंना बघून रस्ता बदलत होते. त्यांच्या बायकोने मात्र काकूंना घरी बोलावून साडी नेसवली.

ह्या काकू मुळात विमा विकणाऱ्या नव्हत्याच. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या कित्येक बायका विमा एजंट होत्या आणि त्यांतल्या निम्म्याअधिक बायकांना आपण एजंट आहोत हे नीट माहीतही नव्हतं. घरातला एखादा पुरुष नोकरीत असायचा, त्याला स्वतःच्या नावाने एजन्सी घेता यायची नाही, म्हणून ती बायकोच्या, बहिणीच्या नाहीतर वहिनीच्या नावाने निघायची. काकूंचे धाकटे दीर विम्याच्याच एका कार्यालयात होते. काकू त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून आम्हीही त्यांच्या पाठीमागे त्यांना भाऊजीच म्हणायचो. भाऊजी संध्याकाळी स्कूटरवरून यायचे, ओट्यापाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, 'वहिनी, इथे एक सही.' काकू कणकेचा हात पदराला पुसून सही करायच्या. कमिशन त्यांच्या नावाने यायचं आणि भाऊजींच्या घरी जायचं. दिवाळीला काकूंना एक साडी मिळायची. रंग भाऊजींच्या बायकोने निवडलेला.

आमच्या कॉलनीत निवृत्त सरकारी नोकरांची घरं जास्त. त्यांना औषधपाण्याची थोडीफार सरकारी सोय असायची, पण खासगी दवाखान्याचं मोठं बिल त्या सोयीत मावायचं नाही. म्हणून वरच्या खर्चासाठी लोक वेगळा आरोग्यविमा घ्यायचे. भाऊजी हाच विमा विकायचे. त्यांची पद्धत सोपी होती. कोऱ्या फॉर्मवर गिऱ्हाइकाची सही, कोऱ्या फॉर्मवर वहिनींची सही, आणि मग ऑफिसात निवांत बसून आजारांच्या प्रत्येक रकान्यात 'नाही'. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, दमा नाही. भाऊजींच्या फॉर्मांत आमची कॉलनी म्हणजे पहिलवानांची तालीम होती.

मग एका दुपारी तिसऱ्या गल्लीतले नाना काकूंच्या दारात उभे राहिले. हातात कंपनीचं पत्र. दवाखान्याचं बिल नामंजूर, कारण नानांना वर्षानुवर्षं मधुमेह होता आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. नाना चिडले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, ते पुरतं प्यायले आणि फॉर्मची प्रत पुढे केली. 'ताई, खाली तुमची सही आहे ना?' काकूंनी बघितलं. वर नानांची सही, खाली काकूंची. मधला मजकूर दोघंही आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते.

काकूंचं माहेर सटाण्याचं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण संताप आला की अहिराणी वर यायची. त्या संध्याकाळी भाऊजी नेहमीप्रमाणे ओट्यापाशी आले आणि काकूंनी तो कागद त्यांच्या नाकासमोर धरला. 'हाई सही मन्ही शे! मन्ही!'

भाऊजी हसले. 'वहिनी, सगळे असंच करतात. कागद पुढे चालायला पाहिजे ना.'

'कागद चालला. नाना बसले.'

'बरं, आता काय करायचं म्हणता?'

'माझ्या नावाचा धंदा आहे. आजपासून तो मी करणार.'

'तुम्ही?' भाऊजींनी काकांकडे पाहिलं. काका सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि घरात ते क्वचितच बोलायचे. 'अरे दादा, सांग वहिनींना. त्यांना शहर बस तरी पकडता येते का?'

काका म्हणाले, 'तुझी स्कूटर तिच्या पैशातून आलीय, ती देऊन जा. बसचा प्रश्न मिटेल.' काकांचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं भाषण हेच, असं काकू पुढे कौतुकाने सांगायच्या. स्कूटर काही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी काकू बसने कार्यालयात गेल्या, साहेबांसमोर आपलं लायसन्स ठेवलं आणि म्हणाल्या, 'ही बाई मी. आजवर तुम्ही फक्त तिची सही बघितलीत.'

भाऊजींनीही हार मानली नाही. आठवडाभरात त्यांनी नवी एजन्सी काढली. ती त्यांच्या सासूबाईंच्या नावाने. जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळवली आणि कॉलनीभर सांगत सुटले की वहिनी घरात शिरून डबे उचकतात आणि अब्रू काढतात. एजन्सीचा नियम असा की आर्थिक वर्षात ठरावीक पॉलिसी झाल्या नाहीत, तर ती बंद. काकूंकडे गिऱ्हाईक नव्हतं, वाहन नव्हतं, आणि कॉलनीत नाव होतं ते नानांना बुडवणारी बाई म्हणून. त्यांना एवढंच हवं होतं की आपल्या नावाची एजन्सी आपल्या हातात राहावी आणि तिच्यावर पुन्हा असला डाग पडू नये.

त्या नावावर आणखी शेण फेकणारी व्यक्ती म्हणजे मी. माझे वडील, अण्णा, कामगार संघटनेत होते. आमच्या घरी रद्दीपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं पत्रकांवर गिरवली आणि बेरीज-वजाबाकी त्यांच्या कोऱ्या पाठीवर. नानांची हकिकत कळली तेव्हा मी कॉलेजात होते आणि जगातल्या प्रत्येक अन्यायाला एक पत्रक पुरेल अशी माझी खात्री होती. मी रात्रीत पत्रक लिहिलं, 'विमा एजंट नावाच्या लुटारूंपासून सावधान', त्यात काकूंचं नावही घातलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि कॉलनीच्या फलकापासून दुधाच्या केंद्रापर्यंत सगळीकडे चिकटवल्या.

तिसऱ्या दिवशी काकू आमच्या दारात. हातात माझं पत्रक, त्यावर लाल शाईच्या रेघा.

'तू लिहिलंस?'

'हो. आणि एक शब्दही मागे घेणार नाही.'

'नको घेऊस. कमी पडलेत ते सांगायला आलेय.' त्या चपला काढून आत येऊन बसल्या. 'लुटारू चार वेळा लिहिलंस. भांडवलशाही दोन वेळा. नानांच्या फॉर्ममध्ये नेमकं काय चुकलं, ते एकदाही नाही. हे वाचून माणूस चिडेल गं, पण उद्या परत कोऱ्या कागदावर सही करील. मग उपयोग काय तुझ्या चिडण्याचा?'

अण्णा पेपरामागे हसत होते, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, 'तुमच्या धंद्याची जाहिरात मी लिहिणार नाही.'

'माझं नाव कशाला घालतेस? ते आधीच फलकावर लागलंय.'

मग आम्ही नवं पत्रक लिहिलं. एका बाजूला 'कोऱ्या फॉर्मवर सही करू नका' आणि ती का करू नये, हे नानांच्या उदाहरणासकट. दुसऱ्या बाजूला विम्यात काय काय मिळत नाही त्याची यादी. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक अख्खं पान कुणाला शिवी न देता लिहिलं, आणि खरं सांगते, मला ते फार जड गेलं. पत्रक इतकं पोचलं की लोकांनी सह्या करणंच थांबवलं. काकू भरलेला फॉर्म पुढे करायच्या तरी लोक म्हणायचे, 'नको काकू, पत्रकात नाही म्हटलंय.' त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, 'तुझी लेखणी भारी आहे बाई. माझा उरलासुरला धंदाही बसवलास.'

त्यावर त्यांनी आपली रीत काढली. फॉर्म घरच्यांसमोर, मोठ्याने, एकेक प्रश्न विचारून भरायचा. भरल्यावर तो गिऱ्हाइकाने स्वतः वाचायचा, आणि मग सही. ज्यांना वाचायचं नसतं त्यांचा चष्मा नेमका तेव्हाच सापडत नाही, म्हणून काकू पर्समध्ये वेगवेगळ्या नंबरचे तीन चष्मे ठेवायच्या. 'हा लावा. नाही दिसत? मग हा. आता दिसतंय ना? वाचा.' यातून सुटका नव्हती. कुणी विचारलं की विमा घेऊ की नको, तर त्या म्हणायच्या, 'सरकारने पांघरूण दिलंय तुम्हाला, ते पायापर्यंत पुरत नाही. मी मोजे विकते. ज्याचे पाय झाकलेले आहेत त्याने घेऊ नयेत.' काही जणांना त्या खरोखरच नको म्हणून सांगून यायच्या. मी म्हटलं, 'अशाने धंदा होईल का?' तर म्हणाल्या, 'ज्याला नको म्हटलं, तो दुसऱ्या दिवशी दोघांना पाठवतो. भाऊजींना हे कधी सुचलं नसतं.'

असं करत करत त्या निफाडपर्यंत पोचल्या. एका द्राक्षवाल्या घरी म्हातारीच्या कमरेच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या. सून अवाक. म्हातारी काकूंना हळूच म्हणाली, 'बाई, हिला मिठाचं पथ्य सांगू नका. लय जीव लावती, पन मीठ बंद करंल. बिनमिठाचं काय खायाचं, बाभळीचा पाला?' काकूंनी आजार फॉर्मवर लिहिला आणि सुनेला सांगितलं की डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, बंद करायला नाही. तसं डॉक्टरांनी खरंच म्हटलं होतं का, याची मी चौकशी केली नाही. म्हातारीने निघताना करंडीभर द्राक्षं दिली. कॉलनीत ती काकूंनी नानांच्या घरी नेली नाहीत. मधुमेह.

मार्च उजाडला तेव्हा काकूंना एकच पॉलिसी कमी पडत होती. महिना संपत आला तरी ती मिळेना. मग एका संध्याकाळी अण्णा अचानक म्हणाले, 'ताई, आमचा दोघांचा फॉर्म भरा.' आयुष्यभर विमा कंपन्यांविरुद्ध मोर्चे काढलेला माणूस. आई स्वयंपाकघरातून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, 'डबा.' अण्णांनी लगेच आणून दिला. त्यात वेदनाशामक बाम, जखमेची पट्टी आणि ओव्याचा अर्क. काकूंनी तो दोनदा उलटा केला. 'अण्णा, हा डबा माझ्या नातवाचा वाटतोय.'

'नियमित चालतो मी,' अण्णा म्हणाले.

अण्णांना छातीचं दुखणं होतं. रोजची एक गोळी आणि अडीअडचणीला जिभेखाली ठेवायची दुसरी. त्या दुपारी दोन्ही पट्ट्या त्यांनी माळ्यावरच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात सरकवताना मी पाहिलं होतं. 'कोऱ्या फॉर्मवर सही करू नका' लिहिणारी मी भिंतीला टेकून उभी होते आणि गप्प होते. कारण मलाही कळत होतं की हृदयाचं नाव फॉर्मवर आलं की तपासण्या आल्या, तपासण्या आल्या की एप्रिल आला, आणि एप्रिल आला की काकूंची एजन्सी गेली.

काकूंनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नजर चुकून माळ्याकडे गेली. बस्स. त्यांनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि पन्नाशीच्या बाई आमच्या माळ्यावर डोकं खुपसून उभ्या राहिल्या. खाली उतरल्या तेव्हा हातात दोन्ही पट्ट्या होत्या.

'कुणासाठी लपवलंत, अण्णा?'

अण्णा पहिल्यांदाच अडखळले. 'ताई, तुमचं वर्ष वाया जाईल. एवढ्या एका 'नाही'ने कुणाचं नुकसान आहे? मी काही पैसे मागायला जाणार नाही कंपनीकडे.'

'तुम्ही नाही जाणार. तुम्ही गेल्यावर ही जाईल.' त्यांनी आईकडे बोट दाखवलं. 'कागद घेऊन माझ्याच दारात येईल. ताई, खाली तुमची सही आहे ना, म्हणून विचारील. मी काय सांगू तिला, की तुझ्या नवऱ्याने माझ्यावर दया केली?' मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्याने वाचलं, 'हृदयविकार?' अण्णा काहीतरी पुटपुटले. 'मोठ्याने बोला अण्णा. मोर्च्यात बोलता तसं.'

'आहे,' अण्णा म्हणाले.

त्यांनी 'आहे' लिहिलं. कंपनीने तपासण्या मागितल्या, एप्रिल उजाडला, अण्णांना हृदयविकार वगळून पॉलिसी मिळाली आणि काकूंची एजन्सी बंद झाली. भाऊजींनी ऑफिसात पेढे वाटले म्हणतात. मी रडून घेतलं आणि एक जळजळीत पत्रक लिहायला बसले. काकूंनी कागद काढून घेतला. 'नियम माझ्यासाठीच वाकडा नव्हता गं. सगळ्यांना तोच होता. मी कमी पडले, एका पॉलिसीने. पुढच्या खेपेला दोन जास्त करीन.'

पुढची खेप आली ती नव्या नियमांची. एजंट व्हायचं तर वर्गात बसून प्रशिक्षण घ्यायचं आणि परीक्षा द्यायची, तीही स्वतः. काकूंनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बघतात तर शेजारच्या बाकावर भाऊजींच्या सासूबाई. त्यांच्या नावाचंही लायसन्स आता परीक्षेशिवाय राहणार नव्हतं. भाऊजी बाहेर रिक्षात बसून होते. सासूबाई काकूंना म्हणाल्या, 'जावई म्हणाले होते नुसती सही करा. हे परीक्षेचं कधी बोलले नव्हते हो.' काकूंनी त्यांना रोज डब्यातली पोळी दिली, प्रीमियम म्हणजे काय ते समजावलं, आणि दोघी मिळून शिकवणाऱ्या तरुण साहेबांना असे प्रश्न विचारायच्या की ते चहाची सुट्टी वाढवायचे. निकाल लागला. काकू पास झाल्या. सासूबाई नापास झाल्या आणि काकूंपेक्षा त्याच जास्त खुश होत्या.

तेव्हापासून काकू खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाल्या. पाटी नाही, ऑफिस नाही, एक पर्स आणि एक स्वतःची दुचाकी, जी त्या कायम दुसऱ्या गिअरमध्ये चालवायच्या. काही वर्षांनी अण्णांच्या पित्ताशयात खडे झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. कंपनीचा डॉक्टर चौकशीला आला. त्याने विचारलं, 'फॉर्ममध्ये काही लपवलंय का?' अण्णांनी प्रत पुढे सरकवली. 'लपवायला जागाच ठेवली नाही हो त्या बाईने. आमच्या माळ्यापर्यंत चढली होती.' बिल मंजूर झालं. पण अण्णांना त्या पैशांपेक्षा डॉक्टरचा चेहरा जास्त आठवत राहिला.

अलीकडेच काकूंनी काम थांबवलं. गुडघे गेले आणि मुलाने त्यांना पुण्याला बोलावलं. त्या निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा अंगणात भाऊजी उभे होते. आता तेही निवृत्त, केस पांढरे. 'वहिनी, तुमची गिऱ्हाइकं कुठे जाणार? माझ्या सुनेच्या नावाने एजन्सी काढतोय, परीक्षा ती देईल. यादी दिलीत तर बरं होईल.'

काकू हसल्या. 'देते की. सुनेला पाठवा.'

'मी आलोय ना.'

'तुमच्या नावाने काढताय का?'

भाऊजी गेले आणि सुनेला स्कूटरवर घेऊन आले. ती एकटीच आत आली. घाबरलेली, हातात पेन उघडं धरून. 'काकू, कुठे सही करू?' काकूंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि तिच्यापुढे पॉलिसीची सगळी पानं ठेवली. 'आधी बस. वाच. कळलं नाही तिथे थांब आणि मला विचार. घाई नाही, मी परवा जाणार आहे.' ती दोन तास वाचत होती. भाऊजी गेटपाशी येरझारा घालत होते आणि दर थोड्या वेळाने 'झालं का?' असं विचारत होते. काकू खिडकीतून म्हणाल्या, 'भाऊजी, स्कूटर बंद करा. पेट्रोल जळतंय.' शेवटचं पान उलटल्यावर सुनेने वर पाहिलं आणि म्हणाली, 'काकू, हे मला जमेल. पण मग मीच करीन.' काकूंनी तेव्हा तिला पेन परत दिलं.

आता माझं एक काम करा. तुमच्याही घरात आईच्या, बायकोच्या, सुनेच्या नावाने काहीतरी असेल. एजन्सी, दुकान, गाळा, संस्थेतलं पद, शेताचा तुकडा. आज जेवणं झाल्यावर त्याचा कागद काढा आणि तिच्या हातात द्या. ती वाचत असेपर्यंत टीव्ही बंद ठेवा, चहा तुम्ही करा, आणि 'झालं का?' असं विचारू नका.